पन्नास हजारांत चार वर्षं : यावल तालुक्यातल्या एका लॅपटॉप खरेदीचं प्रकरण

ऑगस्ट २०२४ मध्ये यावल तालुक्यातल्या एका गावातली मुलगी सीईटी देऊन, कॅप फेरीतून (सरकारच्या केंद्रीय प्रवेश प्रक्रियेतून) जळगावजवळच्या एका अभियांत्रिकी महाविद्यालयात कॉम्प्युटर शाखेला लागली. घरी केळी, थोडा कापूस, दोन म्हशी. वडिलांना अख्खं गाव आबा म्हणतं, म्हणून इथेही आबाच. या घरात आजवर कुणी संगणक विकत घेतलेला नव्हता. लॅपटॉपसाठी आबांनी पन्नास हजार धरले होते. त्यातले तीस हातात होते, बाकीचे केळीच्या कांदेबागाची (पावसाळ्यानंतर लावलेल्या बागेची) कापणी लागल्यावर येणार होते.

मी याच भागात एका तंत्रनिकेतनात शिकवतो आणि तिथली संगणक प्रयोगशाळा सांभाळतो. प्रवेशाचा हंगाम आला की पालक विचारायला येतात आणि बहुतेकांचा पहिला प्रश्न ‘कोणती कंपनी चांगली?’ असा असतो. आबांनी तो विचारला नाही. ते म्हणाले, “मले एवढंच सांगा सर, चार वर्सं टिकीन का?” असा प्रश्न फार कमी लोक विचारतात. त्याचं उत्तर शोधताना जे जे पाहिलं, तपासलं आणि ठरवलं, ते इथे सविस्तर मांडतो आहे.

पैशाची बाजू

जुलै २०२४ मध्ये राज्य सरकारने व्यावसायिक अभ्यासक्रमांना कॅपमधून प्रवेश घेणाऱ्या, आठ लाखांपर्यंत वार्षिक उत्पन्न असलेल्या कुटुंबांतल्या इतर मागास, आर्थिक दुर्बल आणि सामाजिक-शैक्षणिक मागास प्रवर्गातल्या मुलींचं शिक्षण शुल्क पूर्ण माफ केलं. त्याआधी निम्मं माफ होतं. आबांच्या हिशेबातली मोठी रक्कम त्यामुळे सुटली, आणि ती सुटल्याबरोबर तिच्यावर डोळा ठेवून सल्ले सुरू झाले.

पुण्यात नोकरी करणारा मुलीचा आतेभाऊ फोनवर म्हणाला, “मामा, फीचे पैसे वाचले ना? मग अठ्ठ्याहत्तर हजाराचा गेमिंग लॅपटॉप घ्या. सोळा जीबी, वेगळं ग्राफिक्स कार्ड. एकदा घेतला की चार वर्षं बघायला नको.” पोरगा मनापासून बोलत होता आणि त्याचं तसं चुकीचंही नव्हतं, त्या किमतीला ते मशीन चांगलंच होतं. पण फी वाचली म्हणजे घरात रोकड आली, असं नसतं. केळीला भाव मिळाला तर पैसा, नाही तर उधारी. वादळात बाग आडवी झाली की वर्षाचं गणित कोलमडतं, हे रावेर-यावलमध्ये कुणाला वेगळं सांगायला लागत नाही. पन्नासची मर्यादा मी पक्की धरली आणि आबांनाही ती हलवू नका म्हणून सांगितलं.

चार वर्षांत त्या मशीनला करायचं काय?

दुकानात जाण्याआधी मुलीला एक काम दिलं. त्याच महाविद्यालयातल्या तिसऱ्या-चौथ्या वर्षाच्या मुलींना गाठायचं आणि कोणत्या सत्रात कोणतं सॉफ्टवेअर लागतं ते लिहून आणायचं. तिने वहीचं एक पान भरून आणलं. पहिल्या वर्षी सी भाषा, थोडं पायथन, ड्रॉइंगचं काम प्रयोगशाळेत. दुसऱ्या वर्षी जावा, डेटाबेससाठी मायएसक्यूएल, आणि ऑपरेटिंग सिस्टिमच्या विषयाला व्हर्च्युअलबॉक्समध्ये (एका संगणकाच्या आत दुसरा संगणक चालवणारं सॉफ्टवेअर) लिनक्स. तिसऱ्या वर्षी वेब आणि अँड्रॉइड स्टुडिओ. शेवटी मशीन लर्निंग आणि प्रकल्प.

या पानाने निम्मा निकाल लावला. पहिल्या वर्षीचं काम दहा वर्षांपूर्वीच्या मशीनवरही होतं. खरा ताण व्हर्च्युअलबॉक्सपासून सुरू होतो, कारण तिथे एकाच रॅममध्ये, म्हणजे चालू काम धरून ठेवणाऱ्या मेमरीत, दोन ऑपरेटिंग सिस्टिम नांदवायच्या असतात. अँड्रॉइड स्टुडिओचा एम्युलेटर, म्हणजे पडद्यावर चालणारा नकली फोन, त्याहून खादाड. म्हणजे पहिल्या दिवशी आठ जीबी रॅम पुरते, दुसऱ्या वर्षी सोळा लागते. वेगळं ग्राफिक्स कार्ड मात्र या यादीत कुठेच अडत नव्हतं. मशीन लर्निंगच्या विद्यार्थी पातळीच्या कामाला गुगल कोलॅब या ऑनलाइन सेवेवर ग्राफिक्स प्रोसेसर फुकट मिळतो. तो दरवेळी मिळेलच अशी खात्री नसते, पण प्रात्यक्षिकं निभतात.

हीच मुलगी मेकॅनिकल किंवा सिव्हिलला लागली असती, तर माझं उत्तर वेगळं असतं. सॉलिडवर्क्स, रेव्हिट, अँसिस ही मंडळी सुरुवातीपासून सोळा जीबी मागतात आणि तिथे ग्राफिक्स कार्डाला खरंच काम असतं. सॉलिडवर्क्स फक्त विंडोजवर चालतं, त्यामुळे मॅक घ्यायचा विचार असेल तर तो तिथेच संपतो. शाखा न विचारता लॅपटॉप सुचवणाऱ्यावर विसंबू नये, मग तो माणूस कितीही जाणता असो.

मशीन राहणार कुठे?

दुकानातल्या कागदावर नसलेला हा भाग आपल्याकडे सर्वांत जास्त किंमत वसूल करतो. मुलगी अपडाऊन करणार होती. फैजपूरहून एसटीने भुसावळ, तिथून पुढे जळगाव, संध्याकाळी तसंच परत. पाठीवर डबा, वह्या, पाण्याची बाटली आणि लॅपटॉप. गेमिंग लॅपटॉप सव्वादोन-अडीच किलोचा, वर त्याचा वीटेएवढा अडॅप्टर. साधा पंधरा इंची लॅपटॉप दीड ते पावणेदोन किलोचा, अडॅप्टर तळहातात मावणारा. उभ्याने एसटीचा प्रवास केलेल्याला या एका किलोचा अर्थ कळतो.

दुसरी गोष्ट ऊन. मे महिन्यात भुसावळ-जळगावचा पारा पंचेचाळीसच्या आसपास जातो. बहुतेक लॅपटॉपच्या माहितीपत्रकात वापरासाठी कमाल तापमान ३५ अंश दिलेलं असतं. आपल्याकडे पत्र्याच्या खोलीत पंख्याखालचं तापमानच दुपारी त्याच्या वर असतं. प्रोसेसर तापला की स्वतःला सांभाळायला वेग कमी करतो. ज्याचा प्रोसेसर ४५ वॅटचा, तो जास्त तापतो आणि जास्त धापा टाकतो. नावाच्या शेवटी ‘यू’ असलेले साधारण १५ वॅटचे प्रोसेसर इथल्या हवेत शांतपणे काम करतात. आतेभावाचं मशीन पुण्याच्या वातानुकूलित ऑफिसात उत्तम चाललं असतं. पत्र्याखाली त्याच्या निम्म्या ताकदीचे पैसे वाया गेले असते.

तिसरी वीज. संध्याकाळी व्होल्टेज पडतं, उन्हाळ्यात लाइट जाते. लॅपटॉपच्या अडॅप्टरवर बारीक अक्षरात ‘इनपुट १०० ते २४० व्होल्ट’ लिहिलेलं असतं, म्हणजे कमी व्होल्टेजला तो सहसा दाद देत नाही. ६५ वॅटचा अडॅप्टर घरच्या इन्व्हर्टरवर एका छताच्या पंख्याइतकाच भार टाकतो. गेमिंग मशीनचा अडॅप्टर दीडशे वॅटच्या पुढचा. आबांच्या इन्व्हर्टरवर दोन पंखे आणि चार दिवे आधीच होते.

डेस्कटॉपचाही विचार झाला. चाळीस हजारांत डेस्कटॉप लॅपटॉपपेक्षा ताकदवान मिळतो, दुरुस्तीला सोपा असतो, आणि धाकट्या भावालाही वापरता आला असता. पण यूपीएस वेगळा घ्यावा लागतो, शिवाय पुढे होस्टेलला जायची वेळ आली तर तो उचलून नेणार कोण? तो विषय मुलीच्या आईनेच मिटवला.

जुना की नवा?

इथे मात्र बराच काथ्याकूट झाला. जळगावात कंपन्यांनी वापरून काढलेले लॅपटॉप साफसूफ करून विकणारी दुकानं आहेत. एका ठिकाणी चौदा इंची, आठव्या पिढीचा इंटेल आय५ प्रोसेसर, सोळा जीबी रॅम, किंमत चोवीस हजार. अशा मशीनचा कीबोर्ड आणि सांगाडा पन्नास हजारांच्या नव्या लॅपटॉपपेक्षा दणकट असतो, हे मी छातीठोकपणे सांगतो. जुना घेताना पिढी पाहावीच लागते. विंडोज ११ अधिकृतपणे इंटेलच्या आठव्या पिढीपासून पुढेच चालते आणि विंडोज १० चा आधार १४ ऑक्टोबर २०२५ ला संपणार हे तेव्हाच जाहीर होतं. तरीही सहाव्या-सातव्या पिढीचे लॅपटॉप पंधरा-सोळा हजारांना सर्रास विकले जात होते.

त्या चोवीस हजारी मशीनवर मुलीला बॅटरीचा अहवाल काढायला लावला. कमांड प्रॉम्प्ट उघडायचा, ‘पॉवरसीएफजी’ टाइप करायचं, एक जागा सोडून तिरपी रेघ, आणि तिला लागूनच ‘बॅटरीरिपोर्ट’ (powercfg /batteryreport). विंडोज एक फाइल तयार करून देते, त्यात बॅटरीची मूळ क्षमता आणि आज ती पूर्ण भरल्यावर उरलेली क्षमता असे दोन आकडे शेजारी असतात. दुसरा आकडा पहिल्याच्या जेमतेम निम्मा निघाला. दुकानदार भला माणूस होता, बॅटरी बदलून देतो म्हणाला. पण ती मूळ कंपनीची असेल का, यावर त्याने स्पष्ट उत्तर दिलं नाही आणि हमी एका महिन्याची.

माझा कल तरीही जुन्याकडे होता. चोवीस हजारांत दोन वर्षं काढायची, उरलेले पैसे तिसऱ्या वर्षी नव्यासाठी वापरायचे, असा माझा हिशेब. आबांनी तो शांतपणे ऐकला. म्हणाले, “सर, आता पैसा हाये. दोन वर्सांनी केळीचा भाव काय राहीन, कोण सांगणार?” यावर माझ्याकडे उत्तर नव्हतं. पगारदाराला दोन हप्त्यांत खरेदी सोयीची असते; पिकावर जगणाऱ्या घरात हातात असलेला पैसा त्याच वेळी टिकाऊ वस्तूत घालणं जास्त शहाणपणाचं. निर्णय नव्याचा झाला, पण एका अटीवर : रॅम नंतर वाढवता आली पाहिजे.

दुकानातले दोन लॅपटॉप

दुकानदाराने एक लॅपटॉप पुढे केला. एएमडी कंपनीचा रायझन ५ ७५२०यू प्रोसेसर, आठ जीबी रॅम, साठवणुकीला ५१२ जीबी एसएसडी, किंमत एक्केचाळीस हजार, सोबत बॅग आणि माउस. “सात हजार सिरीज, एकदम लेटेस्ट,” असं तो म्हणाला. एएमडीच्या या नावात पहिला आकडा विक्रीच्या वर्षाशी जोडलेला आहे. आतली रचना किती जुनी ते तिसरा आकडा सांगतो. ७५२०यू मधला २ म्हणजे झेन २, ही रचना २०१९ ची, आणि चारच कोअर (प्रोसेसरमधले काम करणारे भाग). ७५३०यू मधला ३ म्हणजे झेन ३ आणि सहा कोअर. नावात दहाचा फरक, कामात केवढा तरी.

मग मुलीने विंडोजमधला टास्क मॅनेजर उघडला, परफॉर्मन्समध्ये मेमरीवर गेली. ‘फॉर्म फॅक्टर’च्या पुढे ‘रो ऑफ चिप्स’ लिहिलेलं होतं. म्हणजे रॅम मदरबोर्डावरच डाग देऊन बसवलेली. आज आठ जीबी, चौथ्या वर्षीही आठच. ७५२०यू हा प्रोसेसरच अशी रॅम घेतो, त्यामुळे दुसऱ्या कंपनीचा बघू म्हणण्यात अर्थ नव्हता.

दुसरा लॅपटॉप आय५-१२३५यू चा. बाराव्या पिढीचा, दहा कोअर, त्यातले दोन जोरकस आणि आठ काटकसरी. आठ जीबी रॅम, आणि टास्क मॅनेजरमध्ये त्याच जागी ‘स्लॉट्स यूज्ड : वन ऑफ टू’. एक खाच मोकळी. किंमत एक्कावन्न हजार. पडदा फिकट, रंग उतरलेल्या कापडासारखे दिसत होते. या किमतीतल्या बऱ्याच लॅपटॉपची हीच रड असते. फोटो-व्हिडिओचं काम असतं तर मी नको म्हटलं असतं. कोड लिहायला चालतो, म्हणून तडजोड केली.

एक हजार मर्यादेच्या वर होते आणि आबांच्या हातात अजून तीसच. दुकानदाराने हप्ते सुचवले, आबांनी नकार दिला. खरेदी लांबवली. पहिल्या सत्रात सी भाषेची प्रात्यक्षिकं महाविद्यालयाच्या प्रयोगशाळेत होतच होती, काही अडलं नाही. कांदेबागाची कापणी लागली, पैसे आले, आणि दसऱ्याच्या सवलतीत तोच लॅपटॉप सत्तेचाळीस हजार पाचशेला मिळाला. पहिल्याच दिवशी हवाच हा घाईचा आग्रह प्रवेशाच्या महिन्यात सगळीकडे असतो, आणि त्या महिन्यातच किमती ताठ असतात.

दुकानात अजून दोन गोष्टी झाल्या. पक्कं बिल नको असेल तर दोन हजार कमी करतो, असं दुकानदार म्हणाला. अठरा टक्के जीएसटीचं, सीरियल नंबर लिहिलेलं पक्कं बिल हा वॉरंटीचा भक्कम आधार, तो दोन हजारांसाठी सोडायचा नाही. आणि तीन वर्षांचा अँटिव्हायरस गळ्यात मारायचा प्रयत्न झाला. विंडोजमध्ये डिफेंडर आहे, विद्यार्थ्याला तो पुरतो. खोक्यावरचा, बिलावरचा आणि लॅपटॉपच्या पोटावरचा सीरियल नंबर मुलीने स्वतः जुळवून पाहिला, मगच आबांनी पैसे मोजले.

वॉरंटीबद्दल एक गोष्ट आम्ही आधीच विचारून घेतली होती. ‘ऑनसाइट’ म्हणजे माणूस घरी येणार, असं सांगितलं जातं, पण ही सेवा पिनकोडवर ठरते. गावाचा पिनकोड सांगितल्यावर कळलं की तिथे माणूस येत नाही, मशीन जळगावला न्यायचं. मुलगी रोज जळगावला जाणारच होती, म्हणून चाललं. नंदुरबार जिल्ह्यातल्या अक्कलकुवा-धडगावकडच्या मुलामुलींनी हा प्रश्न सगळ्यात आधी विचारावा. तिथून सेवा केंद्र गाठायचं म्हणजे आख्खा दिवस आणि बुडालेलं कॉलेज.

पुढे काय झालं

पहिली तक्रार आठवड्याभरातच आली. चार्जिंगला लावल्यावर लॅपटॉपच्या कडेला हात लागला की झिणझिण्या येतात. आई घाबरली, लॅपटॉप खराब निघाला म्हणाली. महाविद्यालयात चार्जिंगला लावला तर काहीच नाही. घरच्या बोर्डाला अर्थिंगच नव्हतं. तीन पिनांचा सॉकेट, तिसऱ्या भोकाला तार नाही. आपल्या खेड्यांत अशी घरं असंख्य आहेत. वायरमनने परसात खड्डा करून, कोळसा-मीठ घालून अर्थिंग केलं आणि झिणझिण्या थांबल्या. लॅपटॉपच्या निमित्ताने फ्रिज आणि पाण्याच्या मोटारीचीही सोय झाली, आणि खरं तर ती जास्त गरजेची होती.

उन्हाळ्याआधी मुलीला दोन गोष्टी करायला लावल्या. एक, कंपनीच्या ॲपमध्ये जाऊन बॅटरी ऐंशी टक्क्यांवर थांबवायची. लिथियमची बॅटरी शंभर टक्के भरलेली आणि तापलेली राहिली की लवकर म्हातारी होते. आपल्या मे महिन्यात हे दोन्ही एकत्र येतात. दोन, कूलरच्या थेट झोतासमोर लॅपटॉप ठेवायचा नाही. गार वाटतं म्हणून पोरं तेच करतात, पण त्या हवेत दमट फवारा असतो आणि कूलरच्या क्षारयुक्त पाण्याचा अंश आत जाऊन बसतो. कूलर खोलीत एका बाजूला, लॅपटॉप दुसऱ्या बाजूला लाकडी पाटावर. गादीवर कधीच नाही.

मे २०२५ मध्ये दुसऱ्या वर्षाच्या तयारीला आठ जीबीची रॅम घेतली, अठराशे रुपयांना. जळगावच्या गोलाणी मार्केटमधल्या एका कारागिराने तिच्यासमोर लॅपटॉपची पाठ उघडली, मोकळ्या खाचेत पट्टी तिरकी घालून खाली दाबली, दोन्ही बाजूंच्या कळा टक् करून बसल्या. मशीन सुरू केल्यावर एक बदल दिसला. आधी टास्क मॅनेजरमध्ये ग्राफिक्सच्या जागी ‘इंटेल यूएचडी’ असं नाव यायचं, आता ‘आयरिस एक्सई’ आलं. मुलीला वाटलं, कारागिराने काहीतरी बदललं. चिप तीच असते. पण एकच पट्टी असताना ती अर्ध्या रस्त्याने चालते आणि इंटेल तिला ते नाव देत नाही. दोन पट्ट्या झाल्या की रस्ता दुपदरी होतो, आणि ग्राफिक्सचा वेगही वाढतो.

हा सल्ला आज जसाच्या तसा देताना मी एक सावधगिरी जोडतो. २०२५ च्या शेवटी रॅमचे भाव जगभर भडकले, कारण एआयच्या डेटा सेंटरांसाठी मेमरी कंपन्यांचा माल तिकडे वळला. ‘आठ घ्या, नंतर वाढवा’ हे गणित त्या वेळच्या भावावर बसलेलं होतं. आज खरेदी करणाऱ्याने सोळा जीबीचं मशीन आणि आठ जीबी अधिक सुटी पट्टी, अशा दोन्ही किमती त्याच दिवशी विचारून घ्याव्यात. मोकळी खाच मात्र दोन्हीकडे असावी.

एकूण खर्च एकोणपन्नास हजार तीनशे, अर्थिंगचे वेगळे. कुरकुरी आहेत : पडदा उन्हात दिसत नाही, कॅमेरा धूसर आहे, आणि एसटीतल्या गर्दीत बॅगेवर दाब येऊन झाकणाला एक ओरखडा पडला आहे. बिजागरी शाबूत आहे. व्हर्च्युअलबॉक्समध्ये लिनक्स अडखळत नाही.

दुसऱ्या वर्षीच मुलीने मैत्रिणींबरोबर केळीच्या कापणीची नोंद ठेवणारं छोटं ॲप लहान प्रकल्प म्हणून घेतलं, त्यामुळे अँड्रॉइड स्टुडिओ ठरल्याच्या आधीच आला. एम्युलेटर सुरू केला की पंखा घरघरायला लागायचा, म्हणून आता ती आबांचा फोन केबलने जोडते, त्यात यूएसबी डिबगिंग सुरू करते आणि ॲप थेट त्याच्यावर चालवून बघते. रॅम वाचते. आबांना मात्र तेवढा वेळ फोन मिळत नाही, आणि व्यापाऱ्याचा फोन नेमका त्याच वेळी येतो. तिला स्वतःसाठी जुना अँड्रॉइड फोन हवा आहे. तीन-साडेतीन हजारांत कोणता घ्यावा, हे विचारायला दोघं येत्या रविवारी माझ्याकडे येणार आहेत.